भिंतीवरची प्रवरा

माणसाच्या आयुष्यात काही निर्णय असे येतात की त्यांच्यापुढे भलेभले हात टेकतात. प्लॉट घ्यावा की पैसे बँकेत ठेवावेत, मुलीला नर्सिंगला घालावे की डी.एड.ला, असे प्रश्न कृपादान उजागरे यांनी ज्या त्या वेळी धीराने सोडवले होते. परंतु वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ऐन एप्रिलच्या उन्हात, त्यांच्यासमोर जो प्रश्न उभा राहिला त्याने त्यांची भूक आणि दुपारची झोप दोन्ही हिरावून घेतली. प्रश्न असा होता : छापील रंगीत चित्रावर जे पारदर्शक प्लास्टिकचे कातडे चढवतात, आणि ज्याला त्या धंद्यातले लोक लॅमिनेशन म्हणतात, ते चकचकीत घ्यावे की मंद?

गोष्ट हसण्यासारखी आहे, हे मान्य. केडगावातले पुष्कळ लोक हसले. खुद्द मार्थाबाईही हसल्या, आणि त्या काळात त्यांना हसले की धाप लागत असे.

मार्थाबाई म्हणजे कृपादानरावांच्या धर्मपत्नी. डिसेंबरपासून त्या पलंगावर होत्या. हृदय इतके दुबळे झाले होते की त्यांना ओसरीपर्यंतसुद्धा हलवू नये, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. त्यांनी चाळीस वर्षांत नवऱ्याकडे स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. एका रविवारी पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करून गेले आणि त्यांच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचतो न पोचतो तोच मार्थाबाई म्हणाल्या, "अहो, मला एकदा नदी दाखवा की. न्हाई जमलं तर ऱ्हाऊ द्या."

नदी म्हणजे प्रवरा. मार्थाबाईंचे माहेर नेवाशाचे. कृपादानरावांनी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे रुग्णवाहिकेची गोष्ट काढली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि ते म्हणाले, "उजागरे, तुम्ही नेवाशाला पोचाल. त्या पोचणार नाहीत."

मग एके सकाळी दाढी करताना कृपादानरावांच्या मनात विचार चमकला. मार्था प्रवरेकडे जाऊ शकत नसेल, तर प्रवरेनेच केडगावला यावे! पलंगासमोरची भिंत मोकळी होती. आठ फूट रुंद आणि पाच फूट उंच नदी तिथे सहज मावली असती. त्या क्षणी त्यांना स्वतःविषयी जो आदर वाटला, तो निवृत्तीच्या सत्कारात शाल पांघरतानाही वाटला नव्हता. ते जिल्हा परिषदेच्या अभिलेख कक्षातून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांनी प्रथम एक फाईल उघडली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले : 'प्रवरा नदी. घरी आणणेबाबत.'

नेवाशाला ते एसटीने गेले. घाटावर टोपी सांभाळत त्यांनी मोबाईल आडवा धरला, उभा धरला, पुन्हा आडवा धरला. भर दुपारचे बारा वाजले होते. पाण्यावर ऊन लखलखत होते आणि पलीकडच्या काठावरची बाभळ न् बाभळ मोजता येत होती. तेवढ्यात म्हशी धुणारा एक गृहस्थ जवळ आला. "साहेब, सर्वेवाले का तुमी? पुराची रेघ कुढवर धरली औंदा? आमचं घर आत येतंय का भाईर?"

"मी सर्वेवाला नव्हे. मी या गावचा जावई आहे," कृपादानराव ताठ उभे राहून म्हणाले.

"मंग फोटू कशाला काढताय?"

या प्रश्नाचे खरे उत्तर परक्या माणसाला देणे त्यांना जड गेले. ते नुसते म्हणाले, "घरच्यांना पाहायचा आहे." त्यावर तो गृहस्थ बराच वेळ संशयाने त्यांच्या मागे मागे फिरला, आणि म्हणूनच त्याचा खांदा नाहीतर मुंडासे सतरा छायाचित्रांत आले. अठरावे मात्र निर्मळ होते. पायऱ्या, पाणी, पैलतीर. माणूस एकही नाही.

पुणे रस्त्यावर कानिफनाथ नावाच्या गृहस्थांचे छपाईचे दुकान आहे. चाळिशीचा, पोट सुटलेला, कपाळाला अबीर लावणारा हा मनुष्य स्वभावाने अत्यंत सरळ. परंतु धंद्याची सवय वाईट असते. पेनड्राईव्ह हाती घेताच त्याने विचारले, "काका, वाढदिवस हाय का भावपूर्ण?"

"म्हणजे?"

"न्हाई, वाढदिवस असंल तर खाली शुभेच्छुक टाकतो. भावपूर्ण श्रद्धांजली असंल तर फुलं टाकतो कडंनी."

कृपादानरावांचा चेहरा उतरला. "फुले नकोत. बाई जिवंत आहेत," ते म्हणाले. कानिफनाथने जीभ चावली आणि त्या दिवसापासून तो त्यांच्याशी अधिकच हळू आवाजात बोलू लागला.

त्याने सर्व प्रक्रिया नीट समजावून सांगितली. मशीन यूव्हीचे. चिकट पाठीच्या व्हिनाईलवर, म्हणजे प्लास्टिकच्या कागदावर, शाई पडली की मागून निळसर दिवा फिरतो आणि शाई जागच्या जागी वाळते. "पण ही शाई आत मुरत न्हाई काका, वरच बसती. हात फिरवा." कृपादानरावांनी हात फिरवला; बारीक रव्यावरून फिरवल्यासारखे लागले. नुसते चित्र लावले तर त्यावर ओरखडे उठतील, आणि आजाऱ्याची खोली दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसावी लागते. सबब लॅमिनेशन हवेच. "आता ग्लॉसी घेतली तर कलर असा उठतो ना, इचारू नका, पण चकाकती. मॅट घेतली तर चकाकत न्हाई, पण कलर जरा झोपतो. तुमी सांगाल तसं."

कृपादानरावांनी दोन्हींचे तळहाताएवढे नमुने मागून घेतले. ते नमुने जुन्या कामांतले होते. चकचकीत तुकड्यावर कोणा पुढाऱ्याची अर्धी मिशी होती, आणि मंद तुकड्यावर लग्नाच्या फलकातला अर्धा नारळ.

येथे शेजारी पुंजाराम यांची ओळख करून देणे क्रमप्राप्त आहे. ते मूळचे जामखेडकडचे, तीस वर्षे एसटीत कंडक्टर होते, आणि सल्ला देण्याच्या बाबतीत त्यांनी कधी कोणाकडून तिकीट घेतले नाही. नमुने पाहताच ते म्हणाले, "भाऊसाहेब, इचार कसला करताय? मिशी बघा कशी झळकतीया! आन् ते नारळ, शेवाळल्यावानी दिसतंय. आवो, यष्टी नवी येती तवा कशी चमाकती! चमाकलं म्हंजी नवं, न्हाई चमाकलं म्हंजी भंगार."

परंतु कृपादानराव पद्धतशीर गृहस्थ. चित्र पाहणार मार्थाबाई, त्या पाहणार आडव्या पडून; तेव्हा परीक्षा आडव्यानेच व्हावी, असे त्यांनी ठरवले. पलंगाशेजारी चटई टाकून ते उताणे पडले, हात पोटावर ठेवले आणि पुंजारामांना भिंतीशी उभे केले. पुंजारामांनी दोन हातांत दोन तुकडे भिंतीला धरले आणि मान खाली घातली. नेमक्या त्याच वेळी पुंजारामांच्या पत्नी चांगुणाबाई मार्थाबाईंसाठी पेज घेऊन दारात आल्या. त्यांनी जमिनीवर पडलेले भाऊसाहेब पाहिले, मान खाली घालून उभा राहिलेला नवरा पाहिला, आणि पातेल्यासकट हंबरडा फोडला.

"आगं बया! भाऊसाहेब गेले की हो! परवा तर गवार निसत हुते!"

मार्थाबाई उशीवरून म्हणाल्या, "चांगुणा, वरडू नको. ते जित्ते हायेत. आधी नंबर माझा हाय."

चांगुणाबाई हसल्याही आणि रडल्याही. पेज चटईवर सांडली, तिच्यात नारळाचा तुकडा पडला आणि परीक्षेचा निकाल लागण्यापूर्वीच एक उमेदवार बाद झाला. अशा रीतीने, पुढाऱ्याच्या अर्ध्या मिशीच्या बळावर, चकचकीत लॅमिनेशन बहुमताने निवडून आले.

तिसऱ्या दिवशी रिक्षाच्या टपावर बांधून गुंडाळी घरी आली. ती गल्लीत शिरताच सोसायटीचे सचिव कल्याण यांनी हात आडवा केला. हे तरुण गृहस्थ नियमाला फार धरून वागत. "काका, हे काय? विनापरवाना फलकांवर कारवाई चालू आहे. उद्या आमच्यावर येईल."

"हे घरात लावायचे आहे."

"घरात कुणी फलक लावतं का? तो पाहणार कोण?"

"पाहणारी व्यक्ती घरातच आहे," कृपादानराव म्हणाले. तरी कल्याण यांनी छापील अर्ज हाती दिलाच. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज तपासले त्याला अर्ज भरताना अपमान वाटू नये, परंतु वाटला. 'फलकावरील मान्यवर' या रकान्यात त्यांनी 'प्रवरा नदी' असे लिहिले. 'प्रयोजन' या रकान्यात 'दर्शन'. शेवटचा रकाना होता 'फलक उतरवून घेण्याचा दिनांक'. तिथे त्यांचे पेन थांबले. एकही रकाना कोरा सोडणाऱ्याचा अर्ज त्यांनी नोकरीत कधी स्वीकारला नव्हता. हा त्यांनी तसाच कोरा ठेवून सही केली.

आता मोठी चूक घडली. कानिफनाथकडचे कारागीर पुढाऱ्यांच्या वाढदिवसांत गुंतले होते, म्हणून त्याने फोनवर सांगितले, "काका, तुमीच लावा, सोप्पं हाय. साबणाचं पानी मारायचं न् पट्टीनं दाबत जायचं. फकस्त भिंत स्वच्छ पाह्यजे." आता उजागरे घराण्यात भिंत स्वच्छ करणे याचा एकच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. नाताळापूर्वी आठ दिवस घरच्या माणसाने स्वतः चुना भिजवावा, त्यात चिमूटभर नीळ घालावी आणि कुंचल्याने भिंत पांढरीशुभ्र करावी. येणाऱ्याच्या स्वागताला भिंत पांढरी हवीच. कृपादानरावांनी मार्थाबाईंचा पलंग दोन हात मागे ओढला, डोक्याला फडके बांधले आणि एप्रिल महिन्यात नाताळचा चुना दिला.

दुसऱ्या दिवशी त्या ताज्या चुन्यावर कृपादानराव आणि पुंजाराम या दोघा गृहस्थांनी नदी चिकटवली. पंधरा मिनिटे तरी तिच्यासारखे दृश्य केडगावात दुसरे नव्हते. पायऱ्या लखलखल्या, पाणी लखलखले. पुंजाराम दोन पावले मागे सरून म्हणाले, "आता निस्ती अंघोळ करायची ऱ्हायली."

"मार्था, दिसली का?"

मार्थाबाईंनी डोळे बारीक केले. "लई भारी केलंय हो," त्या नवऱ्याचे मन राखत म्हणाल्या. "पर मला त्यात खिडकीचं गज दिसत्यात. आन् मधोमध तुमचं टक्कल."

कृपादानराव डावीकडे सरकले. टक्कल डावीकडे गेले. खिडकी लावली तर नदी काळी झाली आणि तिच्यात ट्यूबलाईट तरंगू लागली. "एवढा कोपरा दाबू द्या, मग बघू," असे म्हणून पुंजारामांनी वरच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले मात्र, चुन्याने भिंतीचा हात सोडला. चर्र असा लांबलचक आवाज झाला आणि आठ बाय पाच फुटांची प्रवरा, चिकट बाजू आत करून, पुंजारामांच्या अंगावर कोसळली.

"भाऊसाहेब! वडा मला! आरं, डोळ्यात चुना गेला! हात चिकाटला कपाळाला!"

भाऊसाहेबांनी ओढले तो भाऊसाहेबही चिकटले. दोन सुशिक्षित प्रौढ पुरुष नदीत गुरफटून खोलीभर फिरू लागले. एक टोक सुटे तो दुसरे धोतराला बसे. मार्थाबाई हसू लागल्या. किती वर्षांत त्या अशा हसल्या नव्हत्या. उशी हलली, पलंग हलला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि हसता हसता त्यांचा श्वास आतच अडकला.

प्रार्थना, त्यांची नर्स झालेली मुलगी, पुण्याहून रजा काढून त्याच सकाळी आली होती. ती धावत आत आली. तिने ऑक्सिजनचे यंत्र लावले, आईची पाठ धरली, आणि खोलीतल्या दोन नदीग्रस्तांकडे असे पाहिले की दोघेही जागच्या जागी थिजले. अर्ध्या तासाने तिने वडिलांना स्वयंपाकघरात बोलावले. तिथे ती रागावेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती रागावली नाही.

"पप्पा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. आठवडा म्हणाले. फार तर."

कृपादानरावांच्या कानाच्या पाळीला चुना लागलेला होता. तिने तो पदराने पुसला. मग म्हणाली, "मॅट घ्या. हॉस्पिटलात पेशंटसमोर चकचकीत काही लावत नाहीत. डोळ्यांवर येतं."

पुंजारामांनी डोळे धुतले आणि न सांगता पत्र्याचा तुकडा घेऊन चुना खरवडायला बसले. खाली प्रार्थनाच्या लग्नात दिलेला गुळगुळीत तैलरंग होता. संध्याकाळपर्यंत तो उघडा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्यापूर्वीच कृपादानराव कानिफनाथच्या पायरीवर बसलेले होते.

"लगेच छापतो काका," कानिफनाथ म्हणाला, "पण मॅटमधी एक अडचन हाय. आत्ता माझ्याकडं हाय तिचा गोंदाचा थर पातळ हाय. यूव्हीची शाई खडबडीत. पातळ थर खड्ड्यात उतरत न्हाई, आत हवा ऱ्हाती, आन् गडद भागावर धुरकट दिसतं. जाड गोंदाची मॅट उद्या दुपारच्या गाडीनं पुण्याहून येती. एक दिवस थांबा, मंग आयुष्यभर काळजी न्हाई."

"कोणाच्या आयुष्यभर?" कृपादानरावांनी विचारले.

कानिफनाथने हाताशी होता तो पातळ गोंदाचा रोल काढून टेबलावर ठेवला.

कृपादानरावांची सबंध नोकरी, कोणतेही काम उद्या झाले तरी चालते, या तत्त्वावर सुखाने पार पडली होती. उद्या या, साहेब उद्या आहेत, फाईल उद्या सापडेल. हजारो माणसांना त्यांनी उद्या दिला होता. आज त्यांना एक उद्या हवा होता आणि तो कोणत्या खिडकीवर मागावा हे कळत नव्हते. दुकानाबाहेर टेम्पो आणि ट्रक धुरळा उडवत जात होते. ते बराच वेळ दोन रोल पाहत राहिल्यासारखे उभे राहिले; वस्तुतः तिथे एकच रोल होता.

"आजच चढवा," ते म्हणाले.

कानिफनाथ स्वतः, वाढदिवस बाजूला ठेवून, चित्र लावायला घरी आला. काम पूर्ण झाले तेव्हा खिडकी दिसत नव्हती, ट्यूबलाईट दिसत नव्हती, टक्कल दिसत नव्हते. आणि नदीही धड दिसत नव्हती. पाण्यावर, दगडांवर, पैलतीरावरच्या बाभळींवर, जिथे जिथे रंग गडद होता तिथे तिथे पांढुरकी साय पसरली होती. बारा वाजताचे लखलखीत ऊन कोणी दुधात बुडवून काढावे तसे. कृपादानरावांनी हातांनी तोंड झाकले. घाई त्यांनीच केली होती. कोणावर ठपका ठेवायची सोय नव्हती.

दुपारच्या झोपेतून मार्थाबाई जाग्या झाल्या. त्यांनी पुष्कळ वेळ भिंतीकडे पाहिले.

"अहो. किती वाजता गेल्ता तुमी?"

"कोठे?"

"नदीव."

"दुपारी बा..." असे तोंडून निघाले आणि कृपादानराव थांबले. "पहाटे," ते म्हणाले. पत्नीशी बोललेले हे त्यांचे पहिले असत्य असावे. निदान पकडले न गेलेले पहिले.

"तरीच म्हनलं, धुकं हाय." मार्थाबाईंचा चेहरा सैल झाला. "थंडीत आस्संच हुतं बघा. पलीकडचं काय बी दिसायचं न्हाई. आमी पोरी पायरीव बसून घागरी घासायचो. आवाज निस्ता यायचा घासल्याचा. धुकं उठलं म्हंजी मंग कळायचं, शेजारी कोन बसलंय ते." त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतले. "आता उठंल. ऊन यायला लागलं का उठतंय ते."

प्रार्थना दाराशी उभी होती. ती वळून आत निघून गेली.

त्यानंतरचे तीन दिवस मार्थाबाईंनी औषधाची कटकट केली नाही, पाठ दुखते म्हणाल्या नाहीत. जाग आली की त्या भिंतीकडे पाहत आणि विचारत, "उजाडलं का हो?" कृपादानराव खुर्चीवरून म्हणत, "नाही अजून." चांगुणाबाई पेज भरवायला येत, त्यांनाही मार्थाबाई सांगत, "हळू बोल गं. पहाट हाय." आणि चांगुणाबाई, ज्यांचा आवाज वेशीपलीकडे जात असे, त्या खरोखरच कुजबुजू लागत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मार्थाबाईंनी डोळे उघडले. "उजाडलं का?"

"नाही गं. थोडा वेळ आहे अजून."

"मंग पडते जरा," असे म्हणून त्या कुशीवर वळल्या. त्या कुशीवरून पुन्हा वळल्या नाहीत.

माती झाली. चर्चमधली मंडळी, जिल्हा परिषदेतली जुनी मंडळी, गल्लीतले लोक येऊन बसून गेले. दुःखाच्या घरात काय बोलावे हे सुचले नाही की माणसे भिंतीकडे पाहतात, आणि या घरात भिंतीवर आठ फुटी विषय होता. "चित्र धुरकट आलंय उजागरे. गॅरंटी असेल, बदलून मागा." "तुम्हाला फसवलं बरं का." "ग्राहक मंचात जा." कल्याण यांनीही हात जोडून सांत्वन केले आणि जाता जाता हळूच म्हटले, तो एक रकाना राहिला होता काका, सवडीने भरा. कृपादानराव सर्वांना आभारी आहे असे म्हणत राहिले. प्रार्थनाची रजा संपली. तिने पुण्याला चला म्हणून पुष्कळ आग्रह केला. ते म्हणाले, नंतर येतो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी कृपादानरावांना दिसले की चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, ओंजळभर जागेत, पाणी निळे झाले आहे.

त्यांनी फडक्याने पुसून पाहिले. ते अधिकच निळे दिसले. संध्याकाळी कानिफनाथ आला. त्याच्या खांद्यावर जाड गोंदाच्या मॅटची नवी गुंडाळी होती. न मागता, स्वतःच्या जिवाला लागले म्हणून, त्याने दुसरे चित्र तयार करून आणले होते. कोपरा पाहताच तो आनंदाने ओरडला, "काका! आवो, आपोआप बसाया लागली! ही पश्चिमेची भिंत ना? भाईरून तापती, गोंद मऊ हून खड्ड्यात उतरतोय. आठ दिवसांत काचंगत हुईल बघा!"

"ते थांबवता येते का?"

"काय?"

"हे स्वच्छ होणे."

कानिफनाथने त्यांच्याकडे पाहिले, पलंगाकडे पाहिले. त्याला सगळे कळले असे नाही. परंतु त्याने गुंडाळी पुन्हा खांद्यावर घेतली. "भिंत गार ठिवली तर दमानं हुईल," तो म्हणाला. "थांबनार न्हाई काका."

केडगावात नळाला चार दिवसांनी पाणी येते, तेही लहरीवर. अशा गावात एक प्रतिष्ठित निवृत्त गृहस्थ भर दोन वाजता घरामागे जाऊन कोरड्या भिंतीवर बादलीने पाणी ओततो, हे दृश्य फार काळ लपून राहणे अशक्य. पहिल्या दिवशी मुले जमली. दुसऱ्या दिवशी कल्याण लेखी समज घेऊन आले : पिण्याच्या पाण्याचा अपव्यय. कृपादानरावांनी ती समज वाचली, दिनांक घातला, पोच दिली आणि पुढची बादली ओतली.

"भाऊसाहेब, भिंतीला गुलाब येनार हायेत का?" पुंजारामांनी कुंपणावरून विचारले.

कृपादानरावांनी कारण सांगितले. ते त्यांनी नीट, क्रमवार, एखादी टिपणी वाचावी तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुंजाराम स्वतःची बादली घेऊन आले, आणि चांगुणाबाईंनी धुणे एक दिवसाआड केले. दोघे म्हातारे डोक्याला टॉवेल बांधून भिंतीला पाणी घालत. भिंत चर्र करून ते पिऊन टाकी आणि पुन्हा तापे.

तरी रोज थोडे थोडे निघूनच जात होते. आधी पाणी निघाले, मग खालच्या पायऱ्या, मग वरच्या. पैलतीर तेवढा राहिला होता.

सातव्या दिवशी कृपादानरावांना थकवा आला. पुंजारामांना बाहेर पाणी घालायला ठेवून ते आत आले आणि खुर्चीवर बसण्याऐवजी, काय वाटले कोणास ठाऊक, मार्थाबाईंच्या पलंगावर आडवे झाले. ती गेल्यापासून ते त्या पलंगावर बसलेही नव्हते. उशी तिच्या डोक्याने खोलगट झालेली होती. त्यांनी डोके तिथेच ठेवले आणि समोर पाहिले.

पैलतीरावर बाभळी उभ्या होत्या. एकेक काटा दिसेल इतक्या स्वच्छ. पाण्यावर ऊन लखलखत होते. पायऱ्या वरपासून खालपर्यंत कोरड्या, रिकाम्या होत्या. पहिल्या पायरीवर कोणी नव्हते, दुसऱ्या पायरीवर कोणी नव्हते. कृपादानरावांनी अभिलेख तपासावा तशी प्रत्येक पायरी तपासली. शेजारी कोण बसले आहे ते कळण्यासारखे तिथे कोणीच बसलेले नव्हते.

बाहेरून हाक आली, "भाऊसाहेब, ड्रम आटला! आमच्यातलं आनू का?"

"नको, पुंजाराम," ते आतून म्हणाले. "राहू द्या आता. उजाडलं."

"आँ?" बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला. "आवो, चार वाजल्यात की दुपारचं!"